वाग्गेयकार, शाहीर आणि बेळ्ळंदूरची शनिवार-संध्याकाळ : स्वतंत्र गीतगायकाच्या संहितेचा प्रश्न

१

मराठी समीक्षेने कवीचा विचार पुष्कळ केला आहे आणि गायकाचाही काही प्रमाणात केला आहे. मात्र जो स्वतः शब्द लिहितो, स्वतःच चाल बांधतो आणि ते गीत स्वतःच्या गळ्याने, रात्रीच्या बिदागीवर, समोर जमलेल्या लोकांत गाऊन दाखवतो, त्या कलावंतासाठी आजच्या समीक्षेपाशी सर्वमान्य संज्ञा नाही. 'गीतकार' म्हटले की गायक वगळला जातो, 'गायक' म्हटले की शब्दांचे कर्तृत्व वगळले जाते. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गीताला साहित्य म्हणावे काय, हा वाद जगभर झाला. परंतु तो मुख्यतः छापील शब्दांपुरता राहिला. अशा कलावंताची संहिता नेमकी कोठे असते, वहीत, ध्वनिमुद्रणात की प्रयोगात, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच पडला.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, स्वतंत्र गीतगायक ज्या परिस्थितीत रोज गातो ती परिस्थिती गीताची केवळ बाह्य पार्श्वभूमी नसते. ती गीताच्या घडणीत उतरते, आणि म्हणून तिचे वाचन हा समीक्षेचाच भाग ठरतो. या वाचनासाठी लागणारे माप मराठीला परकीय सिद्धान्तातून आणण्याची गरज नाही. ते शाहिरीच्या परंपरेत उपलब्ध आहे. बेंगळूरूमधील बेळ्ळंदूर या उपनगरातील एक गायक आणि मराठीतील वामनदादा कर्डक यांना शेजारी ठेवून हे माप तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

संज्ञेचा प्रश्न प्रथम घेऊ. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीस असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त वाग्गेयकाराचे लक्षण सांगितले आहे. वाक् म्हणजे शब्दरचना आणि गेय म्हणजे स्वररचना. या दोन्हींचा कर्ता तो वाग्गेयकार. शार्ङ्गदेवाची प्रतवारी लक्षणीय आहे. शब्द रम्य पण स्वररचना मंद अशा कर्त्याला तो अधम मानतो; स्वररचना समर्थ पण शब्द उणे अशाला मध्यम. निव्वळ शब्दांवरून गीताचा निवाडा करणाऱ्या आपल्या आधुनिक सवयीला हा जुना आक्षेपच म्हणावा लागेल. कर्नाटकात ही संज्ञा पुरंदरदासांपासून आजपर्यंत वापरात आहे. मराठीत ती शास्त्रीय संगीताच्या चर्चेपलीकडे फारशी आली नाही.

याचे एक कारण भावगीताच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकात आकाशवाणी आणि ध्वनिमुद्रिका यांनी गीतनिर्मितीचे श्रमविभाजन पक्के केले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या 'गीतरामायणा'त ग. दि. माडगूळकर कवी आणि सुधीर फडके संगीतकार, अशी विभागणी होती. त्यातील पदे अनेक गायकांनी गायिली. कन्नडमध्येही १९७८ च्या 'नित्योत्सव' या ध्वनिफितीत निसार अहमद कवी आणि म्हैसूर अनंतस्वामी संगीतकार, अशीच रचना दिसते. दोन्ही भाषांत या विभागणीने उत्तम गीते दिली. मात्र तिने एक धारणाही रुजवली की, कवी घरी लिहितो, संगीतकार त्यास चाल देतो, गायक ते सादर करतो आणि श्रोता शेवटी येतो. एकहाती गीत करणाऱ्या कलावंताच्या बाबतीत हा क्रम लागू पडत नाही. श्रोता तेथे आधीपासूनच गीतात असतो.

२

बेळ्ळंदूर हे बेंगळूरूच्या आग्नेयेकडील एके काळचे खेडे. आज आउटर रिंग रोड आणि सर्जापूर रस्ता यांच्या आधाराने वाढलेली ती संगणक-उद्योगाची वसाहत आहे. येथील तलाव शहरातील सर्वांत मोठा. सांडपाण्यामुळे त्यावर फेसाचे डोंगर उठले, आणि २०१५ नंतरच्या काही वर्षांत तलावाला आग लागल्याच्या वार्ता देशभर गेल्या. कार्यालये, उंच गृहसंकुले आणि जागीच बिअर गाळणारी उपाहारगृहे हे येथील सार्वजनिक जीवनाचे तीन मुख्य आधार म्हणता येतील. मराठी कुटुंबे येथे पुष्कळ आहेत. संकुलांच्या आवारातील गणेशोत्सवात ती एकत्र दिसतात, एरवी विखुरलेली असतात.

या उपाहारगृहांत शुक्रवारी-शनिवारी संध्याकाळी गाणे असते. गिटार घेतलेला एक तरुण किंवा तरुणी, कधी सोबतीला कहोन नावाचा पेटीसारखा तालवाद्याचा ठोकळा, आणि दोन सत्रांत मिळून दोन-अडीच तासांचा कार्यक्रम. व्यवस्थापनाची अपेक्षा अशी असते की, गाणी ओळखीची असावीत, गप्पांत व्यत्यय येऊ नये आणि तरीही टेबले लवकर उठू नयेत. म्हणजे गायकाने ऐकले जावे, पण फार ऐकले जाऊ नये. स्वतःची गाणी गाण्याला मनाई नसते. ती किती आणि कोठे गावीत याचा अंदाज गायकाला पहिल्या काही आठवड्यांत येतो. गायकांच्या बोलीत या कार्यक्रमाला 'गिग' म्हणतात. मराठी तमाशाच्या व्यवहारात अशा ठरावाला 'सुपारी' म्हणतात. दोन्ही शब्दांत एक रात्र आणि एक रक्कम एवढेच निश्चित असते. उद्याचे वचन त्यात नसते.

अभ्यागत म्हणून या शहरात असताना सीमाभागातून आलेल्या एका मराठी गायकाचे एकच गीत तीन वेगवेगळ्या संध्याकाळी ऐकण्याचा योग आला. दिवसा तो संगणक-कंपनीत नोकरी करतो. गीत मराठीत, त्याचे स्वतःचे. आईशी दूरध्वनीवर होणाऱ्या संभाषणाचे ते रूप आहे. आई विचारते ते प्रश्न त्यात येतात, मुलाची उत्तरे मात्र येत नाहीत. वहीतील पाठात ते संथ आलापसदृश आरंभाने सुरू होते, त्याला चार कडवी आहेत आणि ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर येते.

पहिल्या संध्याकाळी गायकाने हा आरंभ गायिला, परंतु बशा-पेल्यांच्या आवाजात तो कोणाच्याच कानी गेला नाही. दुसऱ्या वेळी आरंभ गळाला होता, गीत थेट ध्रुवपदापासून सुरू झाले आणि तिसरे कडवे वगळले गेले. एका सर्वपरिचित हिंदी चित्रपटगीताच्या पाठोपाठ, त्याच स्वरमेळात, मध्ये न थांबता ते आले. श्रोत्यांना गाणे बदलल्याचे काही क्षण कळलेच नाही. तिसऱ्या वेळी एका टेबलावर मराठी मंडळी होती. त्यांच्यापैकी एका स्त्रीने दुसऱ्या कडव्यातील प्रश्नाला मोठ्याने उत्तर दिले, सारे हसले. गायकाने ती ओळ पुन्हा घेतली, थांबला, उत्तर येऊ दिले आणि गळलेले कडवे परत गायिले.

या तीन पाठांपैकी मूळ कोणता? मुद्रित संहितेची सवय आपल्याला वहीकडे बोट दाखवायला लावते. परंतु वहीतील पाठात ज्या रिकाम्या जागा होत्या, म्हणजे मुलाची न दिलेली उत्तरे, त्यांचा अर्थ तिसऱ्या संध्याकाळीच पुरा झाला. दुसऱ्या पाठातील काटछाट ही हानी म्हणावी, तर तिच्यामुळेच गीताचा आरंभ अधिक नेमका झाला, हेही मान्य करावे लागते. मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड यांनी बाल्कन प्रदेशातील मौखिक महाकाव्यांच्या अभ्यासातून रचना आणि प्रयोग ही एकच क्रिया असल्याचे दाखवले होते. येथे फरक इतकाच की गायक साक्षर आहे, त्याच्यापाशी वही आहे, आणि तरीही प्रयोग वहीला दुरुस्त करतो.

३

या गायकाकडून वामनदादांकडे जाणे प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु व्यवसायाची घडण पाहिली तर हे अंतर कमी होते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. मृत्यू १५ मे २००४ रोजी. मुंबईत श्रमिकाचे जीवन जगताना प्रौढपणी त्यांनी अक्षरे शिकून घेतली आणि १९४३ पासून गीते रचली. आंबेडकरी जलशांची परंपरा त्यांच्याआधी भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी उभी केली होती. ती वामनदादांनी एकट्या गायकाच्या भटकंतीत रूपांतरित केली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत, पण संग्रहांबाहेर राहिलेली आणि दुसऱ्यांच्या वह्यांत, दुसऱ्यांच्या गळ्यांत गेलेली गीते पुष्कळ. गावोगावी वस्त्यांत मुक्काम, मिळेल ती बिदागी, मिळेल ते जेवण, आणि बाबासाहेबांची जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन व महापरिनिर्वाण दिन यांभोवती फिरणारे वर्षाचे वेळापत्रक. शब्द त्यांचे, चाल त्यांची, गळा त्यांचा.

चालींच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. भीमगीतांच्या परंपरेत प्रचलित लोकधुना आणि चित्रपटगीतांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या गेल्या. समीक्षेने याकडे अनुकरण म्हणून पाहिले. बेळ्ळंदूरच्या गायकाने आपले गीत परिचित चित्रपटगीताच्या पाठीवर बसवून श्रोत्यांपर्यंत नेले, ही युक्ती आणि ती परंपरा यांची निकड एकच आहे. समोरचा समूह आपला होण्यापूर्वी त्याच्या कानात जे आहे तेथून सुरुवात करावी लागते. शार्ङ्गदेवाच्या कसोटीवर परक्या धातूवर स्वतःचे मातू बांधणारा कर्ता खाली उतरेल. शाहिरीची कसोटी निराळी आहे, कारण तिच्यात शब्द आणि स्वर यांच्या जोडीला सभा हा तिसरा घटक आहे.

४

हा तिसरा घटक रचनेत कोठे दिसतो? शाहिरीत तो झीलकऱ्यांच्या रूपाने दिसतो. शाहीर ओळ टाकतो, मागचे साथीदार ती उचलतात, 'जी जी' म्हणत दुजोरा देतात. झील म्हणजे संगीतातील भरणा तर आहेच, शिवाय शाहिराच्या विधानाला लोकांची संमती आहे याचे ते नाट्यरूप आहे. पोवाड्यातील वीरकथा किंवा भीमगीतातील प्रतिज्ञा एकाच्या तोंडून येते आणि अनेकांची होऊन परतते. म्हणूनच ध्रुवपद लहान, उचलता येण्याजोगे आणि अर्थाने पूर्ण असावे लागते.

बेळ्ळंदूरच्या गायकाच्या पायाशी लूप पेडल असते. पायाने कळ दाबली की आत्ताच गायिलेली ओळ यंत्रात साठते आणि फिरून फिरून वाजू लागते. तिच्यावर गायक दुसरा स्वर चढवतो, तिसरा चढवतो. थोड्याच वेळात एकट्या माणसामागे पाच-सहा जणांचा समूह उभा राहिल्यासारखे वाटते. ऐकायला ते सुंदर असते. पण ही झील त्याच्या स्वतःच्याच आवाजाची आहे. शाहिराला दुसरे लोक दुजोरा देतात. येथे गायक स्वतःलाच दुजोरा देतो. साथीदारांना वाटून देण्याइतकी बिदागी नसणे, हे त्यामागचे साधे आर्थिक कारण आहे. त्याचा वाङ्मयीन परिणाम मात्र दूरगामी आहे. या गीतांतील 'मी' क्वचितच 'आम्ही' होतो. समकालीन स्वतंत्र गीतांतील आत्ममग्नतेबद्दल तक्रार करताना, ती वृत्तीतून आली की वेतनातून, हेही समीक्षकाने विचारले पाहिजे. ज्या संध्याकाळी त्या स्त्रीने उत्तर दिले, त्या संध्याकाळी गायकाने त्या गीतात पेडलला पाय लावला नाही, ही बाब येथे बोलकी आहे.

दुसरी खूण नाममुद्रेची. शेवटच्या कडव्यात कर्त्याचे नाव गुंफण्याची रीत 'तुका म्हणे'पासून पठ्ठे बापूरावांपर्यंत आणि वामनदादांच्या 'वामन'पर्यंत चालत आली. कन्नडमध्ये तिला 'अंकित' म्हणतात. हावेरी जिल्ह्यातील शिशुनाळचे संत शरीफ (१८१९–१८८९) यांच्या पदांत 'शिशुनाळधीश' हे अंकित येते. ते कवीचे नसून त्याच्या गावच्या देवाचे नाव आहे. सी. अश्वथ यांनी शरीफांची पदे घरोघरी नेली. पुढे नाशिक येथे जन्मलेल्या व म्हैसूरला वाढलेल्या रघू दीक्षित यांनी २००८ मधील आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गिटार आणि व्हायोलिनच्या साथीने शरीफांची रचना घेतली. वाद्ये बदलली, श्रोते बदलले, तरी अंकित आत असल्यामुळे कर्त्याची ओळख गीतासोबत प्रवास करते. मौखिक समाजाचा हा स्वामित्वहक्कच होय; तो गीताच्या बाहेर कोठे नोंदवावा लागत नाही.

आजच्या स्वतंत्र गायकाच्या गीतात मुद्रा नसते. त्याचे नाव भित्तिपत्रकावर आणि संगीतमंचाच्या यादीत असते. गीत दुसऱ्याने गायिले की ते नाव गळून पडते. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. ती आवश्यकच होती. परंतु कायद्याला स्थिर संहिता लागते, तर येथील संहिता प्रत्येक शनिवारी हलते. मुद्रा असतानाही भीमगीतांची कर्तृत्वे पुसली गेली. मुद्रा नसलेल्या गीतांचे काय होईल, याची कल्पना करता येते.

५

परिस्थिती घडणीत कशी उतरते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कायदा आणि काळ यांच्या संबंधात मिळते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यावर बंदी घातली. वर्षातील मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. नियमाचा हेतू रास्त आहे. पण गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि रात्र चढल्यावर रंगणारा वग, हा तमाशाचा क्रम रात्रभराच्या हिशेबाने बांधलेला होता. दहाची वेळ आली आणि वग आखडला. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास ठरणाऱ्या सुपाऱ्यांत आता घड्याळाचा काटा गृहीत असतो. बेळ्ळंदूरच्या गच्चीवरच्या गायकालाही हाच काटा लागू आहे. म्हणून सर्वांत परिचित गाणी साडेनऊला येतात आणि स्वतःचे गीत आठच्या आसपास, लोक अजून स्थिरावत असताना.

परवान्याची कथा याहून बोलकी आहे. मुंबई इलाख्यात स्वातंत्र्यानंतर लगेचच तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. पुढे ती उठली, पण संहितेची तपासणी मागे राहिली. मेळे आणि तमाशे यांचा नामनिर्देश करणारे करमणूक-परवान्यांचे नियम १९६० साली झाले. बेंगळूरूमध्ये २००५ साली पोलीस आयुक्तांच्या आदेशाने सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना सक्तीचा झाला. तेथे 'लाइव्ह बँड' या शब्दाचा अर्थ तोवर पालटला होता. बारमध्ये स्त्रियांचे नृत्य असाच तो रूढ झाला होता. त्याच वर्षी महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी आणली. बेंगळूरूचा आदेश जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. त्यानंतर पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा एकट्या गिटारवादकाचे कार्यक्रमही थांबले, कारण नियमाच्या भाषेत त्याला वेगळा शब्दच नव्हता. स्वतंत्र संगीताला जागा देणारे इंदिरानगरचे 'द हमिंग ट्री' २०१९ मध्ये बंद झाले. समीक्षेपाशी संज्ञा नसणे हा आपल्याला शैक्षणिक प्रश्न वाटतो. शासनापाशी संज्ञा नसली की त्याचे रूपांतर उपासमारीत होते.

६

या तुलनेच्या मर्यादा स्पष्ट केल्या पाहिजेत. वामनदादांची भटकंती ही जातीने आणि दारिद्र्याने लादलेल्या आयुष्यातून उभी राहिली. त्यांच्या गीतामागे मुक्तीची चळवळ होती. बेळ्ळंदूरच्या गायकापाशी नोकरी आहे, गाणे सोडून देण्याचे स्वातंत्र्य आहे. दोघांच्या अनिश्चिततेला एकच नाव देणे हा पहिल्यावर अन्याय होईल. शिवाय वामनदादांचा श्रोता गीताचा भागीदार होता, त्याच्या जगण्याचा प्रश्न त्या गीतात होता. उपाहारगृहातील श्रोता ग्राहक आहे. हा भेद पुसून शाहिरीची झूल कोणाच्याही अंगावर घालता येणार नाही.

मात्र ग्राहकांतून श्रोता घडत नाही असेही नाही. बेंगळूरूमध्येच १९९६ साली स्थापन झालेल्या थर्मल अँड अ क्वार्टर या वृंदाने शहराच्या रिक्षांपासून आपली इंग्रजी गीते रचली. स्वरात्मा या वृंदाने कावेरीच्या पाण्याच्या तंट्यावर हिंदीत गाणे केले. बंगालीत सुमन चट्टोपाध्याय यांच्या १९९२ च्या 'तोमाके चाइ'ने एकट्या गायकासमोर मोठा समाज बसवला. मराठीत २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही' या कार्यक्रमाने कवीलाच तिकीट लावून ऐकण्याची सवय नाट्यगृहांना लावली. यांपैकी प्रत्येक ठिकाणी सभा आयती मिळाली नाही. गीतांनी ती हळूहळू जमवली.

म्हणून अखेरीस आग्रह पद्धतीविषयी आहे. म. वा. धोंड यांनी लावणीकडे गायनप्रकार म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीला १९५६ मध्येच 'मऱ्हाटी लावणी'तून दिली होती. ती जुन्या वाङ्मयापुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. गीतगायकाचा अभ्यास करताना शब्दांच्या जोडीला प्रयोगाची जागा, वेळ, क्रम, बिदागी, साथ, वगळलेली कडवी आणि श्रोत्यांनी घातलेली भर यांची नोंद संहितेचा भाग म्हणून व्हावी. वामनदादांच्या शेकडो प्रयोगांची अशी नोंद आपण केली नाही. ती आता होणे नाही. बेळ्ळंदूरमध्ये आईच्या प्रश्नांचे ते गीत येत्या शनिवारी कदाचित चौथ्या रूपात गायिले जाईल. ते ऐकून लिहून ठेवणारा कोणी तेथे असावा, एवढी अपेक्षा विद्यापीठांकडून करणे फार नव्हे.